आठ इंचांची पायरी

४ जानेवारी

ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. मीही आहे, निदान कमरेच्या वरचा भाग तरी.

तुझ्या वहिनीने हातात पेन कोंबलंय आणि ती दारात उभी आहे, म्हणून लिहितोय. एकोणीस वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आज उभ्या उभ्या कपाटावर कागद ठेवून लिहायची वेळ आली. उभ्याने अशासाठी, की बसलो की दहा मिनिटांत कमरेपासून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत अशी कळ जाते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शिंकायची चोरी झालीय. मोजे वहिनी घालून देते. बत्तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस मी, आणि मोजे बायको घालते!

नोव्हेंबरात साइटवर सिमेंटचं पोतं ओढताना कमरेत काहीतरी सरकलं. डॉक्टर म्हणतो, मणक्यातली गादी सरकलीय आणि नस दाबली गेलीय. ऑपरेशन लगेच नको, आधी तीन महिने व्यायाम करा. दवाखान्यातून एक चित्रांचा कागद दिलाय. त्यात एक टकला माणूस हसत हसत पाय वर करतो. एवढं हसायला काय झालंय त्याला, कोण जाणे.

तीन महिने काढले असते गं. पण नव्या ग्रंथालयाच्या इमारतीत विटांचा गोल जिना आहे, मध्ये खांब नसलेला. असा जिना आयुष्यात एकदाच वाट्याला येतो. नकाशा बघून मी तीन आठवडे झोपलो नव्हतो, आनंदाने. ठेकेदार म्हणाला, पंधरा एप्रिलपर्यंत थांबतो, मिस्त्री. नाहीतर तयार लोखंडी जिना आणून बोल्ट मारून टाकतो. लोखंडी! बोल्ट!

तू लोकांना चटईवर लोळायला शिकवतेस आणि त्याने त्यांच्या पाठी बऱ्या होतात, असं वहिनी म्हणते. माझा विश्वास नाही. तरी काय करायचं ते थोडक्यात कळव. पंधरा एप्रिलला मला थापी हातात घेऊन उभं राहायचंय.

दादा


१२ जानेवारी

दादा,

थोडक्यात म्हणे! जसं काही मी तुला दोन घमेली औषध पाठवणार आहे.

आधी सांग, पाय कोणता? पानभर रडलास आणि डावा की उजवा तेवढंच लिहिलं नाहीस. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारते. आणि फोनवर बोलायला मीच नको म्हटलं. वहिनी बोलत होती तेव्हा मागून तू काय काय ओरडत होतास, ते मला सगळं ऐकू आलं. पत्रात तुला समोरच्याचं बोलणं मध्ये तोडता येत नाही. मोठी सोय आहे.

माझा वर्ग औषधांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरतो. बावीस जण येतात. त्यात दोन बसड्रायव्हर आहेत, एक दाताचे डॉक्टर आहेत, एक शिंपीणबाई आहेत. आल्या आल्या सगळे तुझ्यासारखंच बोलतात, त्यामुळे मला राग येत नाही. फारसा.

सध्या तीनच गोष्टी कर. एक, उताणा झोप, गुडघ्यांखाली जाड उशी घे, पोटावर हात ठेव आणि दहा श्वास मोज. बाकी काही करायचं नाही. दोन, तसाच पडून गुडघे दुमडून पावलं जमिनीला टेकव. श्वास सोडताना कमरेचा बाक हळूच जमिनीला लागू दे, घेताना सोडून दे. बघणाऱ्याला कळू नये इतकीच हालचाल. तीन, हातागुडघ्यांवर ये आणि मांजर अंग ताणतं तशी पाठ वर फुगव, मग खाली सोड. तेही श्वासाबरोबर. प्रत्येक गोष्ट दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यावर पाच मिनिटं चाल. वजन उचलू नकोस, आणि उठताबसताना पाठ सरळ ठेव.

करताना कळ पायात आणखी खाली उतरली तर तिथेच थांबायचं. आणि कधी लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस. तडक दवाखाना गाठ.

जिन्याचं काय करतोस? झोपायची खोली वरच आहे ना अजून?

ठमी


२७ जानेवारी

ठमे,

उजवा. पाय उजवा. झालं समाधान?

तू दहा वेळा सांगितलंस, मी साठ वेळा केलं. सकाळी साठ, संध्याकाळी साठ. म्हटलं, पंधरा एप्रिलला वेळ थोडा आहे, सहापट काम केलं तर सहापट लवकर होईल. हातागुडघ्यांवर उभं राहून एका दमात साठ. तुझी वहिनी म्हणाली, अहो, मांजर असं नाही करत, हे तर शिलाई मशीन झालं.

आणि पाठ सरळ ठेव म्हणालीस ना? मी अर्धवट काम कधी केलं नाही, तुला माहीत आहे. दाराच्या चौकटीला ओळंबा बांधला. रोज सकाळी त्या दोरीला पाठ लावून उभा राहतो, डोक्यापासून टाचेपर्यंत. कुठे फट राहिली तर वहिनी बोटाने दाखवते. कंबर दोरीपासून सव्वा इंच आत जात होती, ती पोट आत ओढून ओढून दोरीला आणली. मग दिवसभर तसाच. जेवतानाही तसाच. शेजारच्या मास्तरांनी विचारलं, मिस्त्री, काठी गिळलीत का?

पंधरा दिवस असं केलं. आणि आता? आता मला अंथरुणातून उठायला दहा मिनिटं लागतात. काल वहिनीच्या खांद्याला धरून रडलो. हे कुणाला सांगू नकोस. कळ कमी व्हायची राहिली बाजूला, पोटरीला सुया टोचतात आणि करंगळी माझी आहे असंच वाटत नाही.

तुझी विद्या तुझ्यापाशीच ठेव. त्या हसऱ्या टकल्याचा कागद बरा होता, निदान तो पाठीला दोरी बांधायला सांगत नव्हता.

दादा


३ फेब्रुवारी

दादा,

मी तरी कुठे सांगितलं होतं दोरी बांधायला?

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारून घेतला. हॉलमध्ये वाचून दाखवलं. माफ कर, पण दाताच्या डॉक्टरांना इतकं हसू आलं की त्यांचीच कंबर धरली. जगात पाठदुखीचे हजार रोगी असतील, पण स्वतःच्या मणक्याला ओळंबा लावणारा तू एकटाच.

अरे, पाठ म्हणजे भिंत नाही. ती मुळातच सरळ नसते. मानेशी आत वळते, छातीशी बाहेर, कमरेशी पुन्हा आत. तो सव्वा इंच तुझा स्वतःचा होता, शहाण्या, आणि तू तो पंधरा दिवस दाबून सपाट केलास! तूच सांग, कमानीचा बाक काढून ती सरळ केलीस तर उभी राहील का? तुझं वजन त्या बाकावर चालतं. चूक माझीही आहे. ‘पाठ सरळ ठेव’ हे आम्ही सगळ्यांना सांगतो आणि शिंपीणबाई ते ऐकून फक्त खांदे मागे घेतात. गवंड्याला असलं काही सांगताना विचार करायला हवा होता.

ओळंबा सोडून पेटीत ठेव. आठ दिवस फक्त पहिलं कर, उशी आणि दहा श्वास. मग दुसरं सुरू कर. पाच वेळा. पाच म्हणजे पाच. इथे जास्त काम केल्याचं कुणी कौतुक करणार नाहीये. एक हालचाल एका श्वासाइतकी लांब, घाईने एकही नाही. करताना नजर आत ठेव. कुठे ओढ बसते, कुठे सैल पडतं, ते बघ. ओली भिंत तू हाताने चाचपून बघतोस ना, तसं.

चीड येईल. पहिले काही दिवस सगळ्यांनाच येते.

जिन्याचं विचारलं होतं, त्याचं उत्तर नाही दिलंस.

ठमी


२४ फेब्रुवारी

ठमे,

चीड येईल म्हणे. अगं, चीड येऊन येऊन मी थकलो.

पाच. एका श्वासाला एक. मी जमिनीवर पडतो आणि छत बघतो. छताच्या गिलाव्याला कोपऱ्यात एक केसाएवढी चीर आहे. इतकी वर्षं त्याखाली वावरलो, कधी दिसली नव्हती. आता दिवसातून दोनदा दिसते आणि मला उठून भरता येत नाही. साइटवर माझी माणसं भिंती चढवतायत, मी इथे श्वास मोजतोय. एक. दोन. तीनला डोक्यात ठेकेदार येतो. पुन्हा एक. हे असलं काम कुणी करतं?

आणि गुण? डोंबलाचा गुण. करंगळीच्या मुंग्या गेल्या, पोटरीही शांत आहे. पण कंबर! कंबर आता आधीपेक्षा जास्त दुखते. टेप लावून मोजलं. पंधरा दिवसांपूर्वी कळ कमरेपासून एकेचाळीस इंच खाली जायची, आता अकरा इंचांवर थांबते, पण त्या अकरा इंचांत सगळा जाळ एकवटलाय. माझ्या मते आत काहीतरी कायमचं बिघडलं. चोवीस फेब्रुवारी झाली. पन्नास दिवस उरले.

जिन्याचं विचारतेस. पलंग खाली आणलाय, स्वयंपाकघराशेजारी. पंधरा पायऱ्या आहेत. पाचवीपर्यंत जातो, मग पाय उचलत नाही. कठड्याला धरावं म्हटलं तर कठडा नाही. माझाच जिना. बस, लिहिलं. मिळालं उत्तर?

दादा


१ मार्च

दादा,

अरे वेड्या, तू बरा होतोयस!

नीट वाच. नस सुटायला लागली की कळ आधी पायाच्या टोकाकडून माघार घेते आणि वर कमरेकडे गोळा होते. कंबर काही दिवस जास्त दुखते, पण ते चांगलं लक्षण समजतात. एकेचाळीस इंचांवरून अकरा! बावीस जणांत एकानेही टेप लावून मला असं मोजून दिलं नव्हतं. डॉक्टरांना हे दाखव, तेही हेच सांगतील.

आता तिसरं सुरू कर, मांजराचं. सहा वेळा. आणि एक नवीन. उताणं पडून दुखऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी धर, गुडघा हळू सरळ कर, ओढ लागली की लगेच दुमड. ताणून धरायचं नाही, नुसतं ये-जा. चालणं पंधरा मिनिटं कर. घाई करू नकोस. साइटवर गेलास तरी खुर्चीत बस, परांचीकडे बघूसुद्धा नकोस. चांगलं वाटायला लागलं की माणूस मूर्खपणा करतो. मी रोज बघते.

तुझ्या जिन्याची पायरी आठ इंचांची आहे. तुला सांगायला नको, मला सांगायला हवं होतं तेव्हा मी सांगितलं होतं. तो विषय इथेच सोडू.

ठमी


२२ मार्च

वन्सं,

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आल्यावर हे इतके खूश झाले की दोन दिवस टेप गळ्यात अडकवून फिरत होते. अकरा इंचांचे सात झाले, मग चार. मी म्हटलं, अहो, वन्सं काय म्हणाल्यात ते विसरू नका. हो हो म्हणाले. चौदा तारखेला सकाळी चालायला म्हणून गेले ते साइटवर. तिथे परांचीवर चढले, दुसऱ्या मजल्यापर्यंत, जिन्याची जागा वरून बघायला. वर घमेलं होतं, तेही उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. तिथेच बसले. बसले म्हणजे आपणहून नाही, पाय गेले. चार माणसांनी फळीवर निजवून खाली आणलं.

डॉक्टर येऊन गेले, नस पुन्हा दाबली गेली आहे. लघवी-बिघवीचा त्रास नाही, ते तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी आधी विचारलं. ऑपरेशन अजूनही टळेल म्हणतात. पण हे आता काहीच करत नाहीत. उशीसुद्धा लावून घेत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात. मी बोलले तर म्हणतात, तूही म्हण.

काय म्हणू, ते सांगत नाहीत. तुम्हीच विचारा.

तुमची वहिनी


२७ मार्च

ठमे,

वहिनीने तुला कळवलंय हे तिच्या तोंडावरून कळलं. ओरड, मोकळी हो.

पोटावर पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

जिना गेला. ठेकेदार वीस तारखेला घरी येऊन गेला. मी पलंगावर होतो, उठायला गेलो, कळ आली, तोंडातून आवाज निघाला. तो दारातच थांबला. बाहेर जाऊन आपल्या माणसाला म्हणाला, “मिस्त्री नाटक करतायत. चौदा तारखेला दुसऱ्या मजल्यावर चढले होते, मी स्वतः पाहिलं. काम नकोय, तर सरळ सांगावं.” खिडकी उघडी होती. दोन फुटांवर मी.

उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. उठता येत असतं तर! नाटक? दिसत नाही म्हणून नाही? रक्त आलं असतं, हाड मोडलं असतं, तर त्यानेच रिक्षा आणली असती. आणि आत जाळ पेटलाय तो कुणाला कसा दाखवू? छाती फाडून दाखवता येते, कंबर कशी दाखवू? आठवडाभर डोक्यात तोच शब्द आहे. नाटक.

पहिल्या दिवशी वाटलं, हा शब्द आधी कुठेतरी ऐकलाय. काल आठवलं. ऐकला नव्हता, बोललो होतो. एकदा, आईपाशी, स्वयंपाकघरात. तुझ्याबद्दल. तू तेव्हा वर खोलीत होतीस, तुला काही माहीत नाही आणि आता ते उकरून उपयोगही नाही. आई नाही, तू तिकडे. जाऊ दे.

सगळंच जाऊ दे. श्वासही मोजत नाही आता.

दादा


३ एप्रिल

दादा,

मी वर खोलीत नव्हते.

मी जिन्यात होते. सातव्या पायरीवर. शाळेतल्या त्या कसरतीच्या बाकावरून पडले त्याला चार महिने झाले होते. पाणी प्यायला खाली निघाले आणि सातव्या पायरीवर पाय गेला. वर जाता येईना, खाली येता येईना, म्हणून बसून राहिले. हाक मारणार होते. तेवढ्यात तू बोललास. “आई, तिला काही झालेलं नाही, नाटकं करते. शाळेत जायचा कंटाळा.” आईच्या लाटण्याचा आवाज तसाच चालू राहिला, ते जास्त लागलं.

त्याच्या आधी आठच दिवस मी तुला विचारलं होतं, दादा, पायऱ्या थोड्या बुटक्या करशील का, नाहीतर निदान धरायला कठडा लाव. तू टेप आणून पायरी मोजून दाखवलीस. म्हणालास, आठ इंच, बरोबर आहे, पायरी बुटकी केली तर जिना लांबेल आणि माझी हत्यारांची खोली जाईल. त्या सातव्या पायरीवर मी अर्धा तास बसले होते. मग बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली उतरले. तुम्ही दोघं तोवर बाहेर गेला होतात. महिन्याने मी घर सोडलं. तू सगळ्यांना सांगितलंस, ठमीला माज चढलाय.

एकोणीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर देताना पेन कागदात रुतत होतं, रागाने. वाटलं, आता कळू दे. मग पंधरा पायऱ्यांचं वाचलं आणि रागही धड टिकेना. त्याचाच जास्त राग आला.

उशी लाव. दहा श्वास मोज. ठेकेदार काय म्हणतो त्याने नस सुटत नाही आणि दाबलीही जात नाही. मी हे अकरा महिने पडून शिकले, माझ्या शेजारी सांगायला कोणी नव्हतं. तुला सांगतेय, तर कर.

ठमी


१० मे

ठमे,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला पाच वेळा बसलो. आता वीस मिनिटं बसता येतं. त्या वीस मिनिटांत जे लिहिलं जातं, ते फाडतो.

उशी लावतो. पहिलं दहा, दुसरं आठ, मांजर सहा, पायाची ये-जा दहा. चालणं पंचवीस मिनिटं. कळ नऊ इंचांवर आहे. जास्त केलं नाही. एकदाही नाही.

एक काम कर. तुझ्या हॉलच्या जिन्याची पायरी किती उंच आहे, ते फूटपट्टीने मोजून कळव. अंदाजे नको. आणि पायरी रुंद किती, तेही.

दादा


१६ मे

दादा,

कमाल आहे तुझी! मी काय लिहिलं आणि तू काय विचारतोस? एकोणीस वर्षांचं पोटातलं काढून तुझ्यापुढे ठेवलं आणि तू मला फूटपट्टी आणायला सांगतोस. नवीन काम मिळालंय का कुठल्या हॉलचं? असेल. कामापुढे तुला तेव्हाही काही दिसलं नाही, आताही दिसत नाही. मीच वेडी.

उंची सहा इंच. रुंदी अकरा. मोजली.

व्यायाम चालू ठेव. मांजर आठ केलंस तरी चालेल.

ठमी


५ ऑक्टोबर

ठमे,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही उभं नव्हतं. आता आहे.

आधी कमरेचं. कळ मांडीपर्यंतही येत नाही. अधूनमधून करंगळी ओळख देते, मग मी जमिनीवर पडून छताची चीर बघतो आणि श्वास मोजतो. परांचीवर आता चढणार नाही. जमिनीवरची कामं घेतो, कुंपणाच्या भिंती, ओटे. ग्रंथालयात लोखंडी जिना बसला. मी बघायला गेलो होतो. लोक चढतात तेव्हा खणखणतो. मी त्यावर पाय न ठेवताच परत आलो, खोटं कशाला सांगू.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मला शब्दांत उत्तर देता आलं नाही. मला जे येतं त्यात दिलं.

जूनमध्ये माझ्या जुन्या माणसांना बोलावून घरातला जिना पाडला. त्यांनीच पाडला, मी खुर्चीत बसून बघितला. बांधला मात्र मी. सहा विटा लावायच्या, मग उठायचं, चालायचं, पडायचं, मांजर करायचं, मग पुढच्या सहा. वीस मिनिटं झाली की तुझी वहिनी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहून ओरडायची, “उठा!” जो जिना मी पूर्वी नऊ दिवसांत चढवला असता, त्याला साडेतीन महिने लागले. रोज चिडलो. रोज वहिनीवर ओरडलो. एकदा थापी फेकली, मग ती उचलायला वाकता येईना म्हणून तीच ओरडली.

पंधरा पायऱ्यांच्या वीस झाल्या. आठ इंचांच्या सहा केल्या, रुंदी अकरा, तुझ्या हॉलसारखी. जिना लांबला, त्यात माझी हत्यारांची खोली गेली. पेटी आता पलंगाखाली असते. दहाव्या पायरीला चौक ठेवलाय, ऐसपैस, चटई पसरून पडता येईल एवढा. ओळंबा लावून तपासलं. जिन्याला, पाठीला नाही.

ठमे, तू नाटक करत नव्हतीस. मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मोजून बघितली ती फक्त पायरी. आईपाशी जे बोललो ते चुकलं, आणि घर सोडून गेलीस तेव्हा माज म्हणालो तेही चुकलं. हे वाक्य लिहायला मला सहा महिने लागले, एक जिना मध्ये बांधावा लागला.

आता तू म्हणशील, मी बरी आहे, मला काय त्याचं, आठ इंचांचीही चढले असते. चढली असतीस. तरी ये. वरची खोली झाडून ठेवलीय, उशा जाड आणल्यात. मध्येच थांबावंसं वाटलं तर चौकात बस. मी रोज बसतो, कुणी काही म्हणत नाही.

कठडाही लावलाय. दोन्ही बाजूंना लावलाय, कारण तुझा कोणता पाय दुखायचा, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दादा